विहिरीकडची तासं

कापूस फुटला की मला घरात बसवत न्हाई. हे काही आजचं न्हाई, पण पहिले बसवत नव्हतं ते कामानं. यंदा काम काहीच न्हाई, अन् तरी बूड टेकत न्हाई. सकाळी चहा पिलो की निघतो. ओढ्यापर्यंत जातो. तिथून आमचं वावर दिसतं, पांढरं झालेलं. बघतो अन् मागं फिरतो. घरी येतो, तांब्याभर पाणी पितो, परत निघतो. सून शांता म्हणते, "मामा, एका जागी बसा की. तुमच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं फिरून राह्यलं." मी म्हणतो, "तुझं डोकं तू सांभाळ," अन् चालायला लागतो.

माझी बायको कौसा श्रावणात गेली. पोळा जवळ आल्ता. सरकी टोबली, म्हणजे कापसाचं बी एकेक करून मातीत घातलं, तेव्हा ती वावरात होती, कापूस फुटला तेव्हा न्हाई. विहिरीकडच्या तासांमधी, तास म्हणजे झाडांची ओळ, ती वाकून माती दाबत होती हे मी कडुलिंबाखालून माझ्या डोळ्यांनी पाह्यलं होतं. म्हणून मी घरात सांगून टाकलं, बाकीचं वावर वेचा, पण विहिरीकडच्या तासांना कुणी हात लावायचा न्हाई. तिच्या हातचं ते शेवटचं. तसंच राहू द्या झाडावर.

बबन, माझा पोरगा, साठीला टेकलाय. तो माझ्या तोंडाकडं बघत राह्यला. मंग म्हणाला, "किती दिवस राहू द्यायचं दादा?"

मी चप्पल घातली अन् ओढ्याकडं गेलो.

कापसाचं एक वाईट आहे, तो थांबत न्हाई. ज्वारी वाळून उभी राहती, चार दिवस मागंपुढं झालं तर कणसाला राग येत न्हाई. तूर शेंगेत गप बसती. कापूस मात्र फुटला की घर सोडून दारात आलेला असतो. वारं आलं की लोंबतो, दव पडलं की पिवळा पडतो, पाऊस आला की त्याची कवडी होते. कवडी म्हणजे मातीत घोळलेला, बोंडाला चिकटलेला कापूस. तो व्यापारी घेत न्हाई अन् वात वळायलाबी चालत न्हाई. हे मला समजत न्हाई असं न्हाई. सारी जिंदगी ह्यातच गेली. पण समजणं येगळं अन् पाय येगळे. पाय आपले त्या तासांकडं जात होते.

मला तिचं नाव घ्यायची सवय नव्हती. लग्न झालं तेव्हा "ए" म्हणायचो. बबन झाला तशी "बबनची माय" झाली. बबनला पोरं झाली तेव्हा घरातले सगळेच तिला आजी म्हणायला लागले, मीबी. मंग नातवाला पोरगी झाली अन् ती पणजी झाली, तोवर तिचं नाव कुणाच्या तोंडात उरलं नव्हतं. आता कागदावर कौसा लिहिलं की वाटतं दुसऱ्याच कुणाच्या बायकोबद्दल लिहितोय. तरी लिहितो. आता दुसरं काय म्हणू?

ती आली अजिंठ्याच्या डोंगराकडून. तिच्या माहेरी बाजरी अन् मटकी, कापूस नावाला न्हाई. आमच्या घरी पहिल्या हंगामाला तिला वेचता येत नव्हतं. बोंडातून कापूस ओढायची अन् अर्धा आतच ऱ्हायचा, शेंडीसारखा. माझी आई मागून यायची अन् त्या शेंड्या मोजत न्हाई पण दाखवत यायची. "ही बघ तुझ्या बापाची शेंडी. ही बघ तुझ्या मामाची." कौसा वेचत ऱ्हायची. बोंडाचं टोक वाळलं की काट्यासारखं होतं, नखात शिरतं. संध्याकाळी तिची बोटं रगताळलेली. चुलीपुढं बसून गोडं तेल लावायची अन् भाकरी थापायला घ्यायची. भाकरीला तेलाचा वास यायचा. मी एकदा म्हणालो, "भाकरीला वास येतोय." ती म्हणाली, "मंग उद्यापासून तुमी वेचा, मी खाते."

आमच्याकडं वेचणी बायांचीच. गड्यानं ओझं उचलावं, गाडी जुंपावी. गडी माणूस ओटी बांधून वेचायला लागला तर गावभर हसं होतं. ओटी म्हणजे लुगड्याचा नाहीतर जुन्या धोतराचा तुकडा, मानेत अन् कंबरेत गाठ मारून पोटापुढं झोळी करायची, त्यात कापूस टाकत जायचं. भरली की बाई गरवार दिसती. बबनच्या वेळी कौसा खरंच भरली होती अन् ओटीमुळं कुणाला पत्ताच लागला न्हाई. माझ्या आईलाबी न्हाई. ठकूबाई, आमच्या शेजारची, कौसाच्या जोडीनं वेचायची. ती एकदा म्हणाली, "कौसे, तुझी ओटी रिकामी केली तरी पोट तसंच कसं गं?" तेव्हा घरात कळालं. सगळ्या बाया तासात बसून हसल्या. आई हसली न्हाई, पण दुसऱ्या दिवसापासून कौसाच्या ओझ्यातलं थोडं आपल्या ओझ्यात टाकायला लागली.

बबन कापसातच झाला. त्या वर्षी माल लई होता. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापसाची गंजी, ओसरीवर गंजी, बाळंतिणीला जागा उरली ती दोन गंज्यांच्या मधी. ज्यानं घरात कापूस भरलेला पाह्यला न्हाई त्याला ती ऊब सांगून समजणार न्हाई. थंडीत घर आतून तापतं. सरकीचा वास सगळ्याला लागतो, दुधाला, अंथरुणाला, माणसाच्या केसाला. अंग खाजतं. पोरं वरून उड्या मारतात अन् मार खातात. कौसा त्या दोन गंज्यांमधी पडून होती अन् पोराच्या अंगाला धागे चिकटलेले. ती एकेक धागा वेचत होती. मी दारातून म्हणालो, "तिथंबी वेचणी चालू का?" म्हणाली, "तुमचाच माल हाये. सोडून कसं चालंल?"

गाडी भरायची तेव्हा तिचं राज्य. कापूस हलका, पण लबाड. तुडवला न्हाई तर गाडीत मावत न्हाई. आम्ही गडी खालून वर ओझी द्यायचो अन् ती गाडीत उभी राहून तुडवायची. लुगडं वर खोवलेलं, एक हात आडव्या दांडीला. गाडी भरत जायची तशी ती उंच उंच होत जायची. शेवटी कडुलिंबाच्या फांदीला तिचं डोकं लागायचं. तिथून ती मला शिव्या द्यायची, "जल्दी द्या, तिथं काय पोथी वाचून राह्यले?" आख्ख्या वर्षात मला मान वर करून तिच्याकडं बघावं लागायचं ते तेवढंच. मंग ती माझ्या खांद्यावर हात टेकून उतरायची. खाली उतरली की परत माझ्या छातीएवढी. भोकरदनच्या बाजारात मी एकटाच जायचो. येताना तिला काय आणायचो? मिसरीची डबी. तिला दुसरं काही चालत नव्हतं. एकदा बांगड्या आणल्या तर म्हणाली, "वेचणीत फुटतील. परत करा."

हे मी सांगतोय ते एका वर्षाचं का दहा वर्षांचं, मलाच बराबर सांगता येत न्हाई. हंगाम एकमेकांत मिसळले. देशी कापूस होता, मंग संकरित आला, मंग बीटी आली. गाडी गेली अन् टेम्पो आला. घरात कापूस भरणं कमी झालं, वावरातूनच विकून टाकतात. ती मात्र दर साली पहिल्या वेचणीचा ओंजळभर कापूस येगळा काढायची, सरकी काढायची अन् भिंतीला टेकून वर्षभराच्या वाती वळायची. तळहातावर राख घ्यायची अन् चोळायची. बोलत बोलत. भांडत भांडत. श्रावणात ती गेली तेव्हा तिच्या डोक्याशी दिवा लावला. शांतानं डबा उघडला अन् वात घेतली. वात तिचीच होती. मी ते बघितलं अन् बाहेर जाऊन गोठ्यात उभा राह्यलो. त्या पोळ्याला आमच्या बैलांची शिंगं रंगवली न्हाईत. बैल दुसऱ्यांच्या बैलांकडं बघत उभे होते.

ती गेली कशी, हे लोक विचारतात. काही झालं न्हाई. भांडी घासली, पालथी घातली, म्हणाली, "जरा पडते." ती कधी दिवसाउजेडी पडत नव्हती. तेव्हाच मला कळायला पाह्यजे होतं, पण ते कळून काय करणार होतो?

नातू संभाजीनगरात कंपनीत हाये. त्याला पोरगी झाली तेव्हा ते ऐन वेचणीत तिला घेऊन आल्ते. आमच्यात पणतू झाला की पणजीच्या अंगावर सोन्याची फुलं उधळतात. बाया म्हणाल्या, पोरगी झाली, आता पणतू होईल तेव्हा बघू. कौसा म्हणाली, "तवर मी वाट बघत बसू का? अन् ही का मांजराच्या पोटची हाये?" फुलं काही कुणी आणली नव्हती. शांता उठली, गंजीतला कापूस उचलला अन् सासूच्या डोक्यावर टाकला. मंग बबननं टाकला. मंग सगळ्यांनी. कौसा पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, केसात कापूस, कानात कापूस, नाकात गेला तशी शिंकायला लागली. पोरगी तिच्या शिंकेला हसली. मला म्हणाली, "तुमी काहून उभे? टाका की." मी टाकला. थोडा जास्तच टाकला.

तर असली ती बाई. आता तिच्या हातची तासं वेचून ओझ्यात बांधायची अन् टेम्पोत फेकायची? मी म्हणालो, न्हाई.

बबन रोज मोबाईल दाखवायचा. "दादा, पाऊस दाखवून राह्यलं. परवा तेरवा येईल." मी म्हणायचो, "येऊ दे." तो म्हणायचा, "भिजला तर कवडी व्हईल." मी म्हणायचो, "होऊ दे." तो भला माणूस आहे, आवाज चढवत न्हाई. पण त्या दिवशी जाता जाता म्हणाला, "माय असती तर तुमाला सोडलं नसतं." हे खरं होतं म्हणून मला जास्त राग आला.

मजूर बाया आल्या त्या सकाळी मी आधीच जाऊन विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडायच्या जुन्या दगडी कुंडीवर, बसलो. कुणी तासात शिरलं तर हाकलायचं म्हणून. आभाळ खाली आलेलं. वारं बंद. शांतानं पहिल्या झाडाखाली सीतादही मांडली. पाच खडे, हळदकुंकू, दहीभात. पहिल्या वेचणीला घरची बाई हे करते, इतके साल कौसाच करायची. कौसाला वेळ लागायचा, ती झाडाशी बोलत बसायची, गेल्या सालच्या तक्रारी सांगायची. शांतानं झटकन उरकलं अन् पदर खोचला. बाया वेचायला लागल्या. बोंडातून कापूस निघतो त्याला आवाज न्हाई, पण बायांच्या बांगड्यांचा असतो, तो पुढं पुढं सरकत जातो. मी त्या आवाजाकडं पाठ करून बसलो.

ठकूबाई आलीच होती. वाकून चालती, काठी हातात, तरी वेचायला येती. माझ्याजवळ थांबली. "भाऊजी, कापूस राखता का भूत राखता?"

"तू तुझं तास बघ."

"माझं तास हेच हाये. कौसा अन् मी ह्याच बाजूनं लागायचो."

"तिच्या हातचं हाये ते. राहू दे."

ठकूबाई शांताकडं बघायला लागली. शांता माझ्याकडं. मंग शांता ओटी सावरत जवळ आली अन् माझ्यापुढं उकिडवी बसली. मोठ्यानं बोलणारी बाई, पण तेव्हा हळू बोलली.

"मामा, ह्या तासात आत्याबाईच्या हातचं एकबी झाड न्हाई."

"मी डोळ्यांनी बघितलं."

"तुमी बघितलं ते त्या पाणी घेऊन आल्त्या तवाचं. सरकी मी टोबत होते. त्यांनी दोन ठिकाणी माती दाबली, मला म्हणाल्या, इतकं खोल टाकती का, बी पुरती का माणूस पुरती. अन् गेल्या घरी."

"मंग तिनं काय लावलं?"

"नांग्या भरल्या."

नांगी म्हणजे जिथं बी उगवत न्हाई ती मोकळी जागा. यंदा टोबणी झाल्यावर पावसानं दडी मारली होती, बरंच बी मेलं. मला तेवढं माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"तुमी पारावर जायचे सकाळी," शांता म्हणाली, "तवा त्या यायच्या. कंबरेला सरकीची पिशवी, हातात तांब्या. जिथं रिकामं दिसलं तिथं बसायच्या. मी म्हणायचे, आत्या, राहू द्या, थोडं रिकामं राह्यलं तर काय होतं. तर म्हणायच्या, रिकामं डोळ्यात खुपतं. आख्खं वावर फिरल्या त्या."

"कुठं कुठं?"

"ते मी कसं सांगू? जिथं झाड बुटकं दिसंल तिथं. मागून लागलेलं मागंच राहतं."

ठकूबाई म्हणाली, "ह्ये बघा एक." अन् काठीनं दाखवलं.

दोन मोठ्या झाडांच्या मधी एक गुडघ्याएवढं झाड होतं. मोठी झाडं फुटून पांढरी झालेली, ह्याची बोंडं हिरवी, घट्ट मिटलेली. मी उठलो. दुसऱ्या तासात गेलो. तिथं एक. पुढं दोन. मंग बरंच पुढं एक. मंग बांधाजवळ पाचसहा एकत्र, तिथं पाणी कमी बसतं म्हणून बी जास्त मेलेलं असणार. मी कापसात फिरत राह्यलो, धोतराला काड्या लागल्या. इतका काळ मी एका कोपऱ्यावर पहारा करत होतो अन् ती सगळीकडं होती. ज्या तासांसाठी मी पोराशी भांडलो ती सुनेच्या हातची. ह्याचं हसू यायला पाह्यजे होतं. आलं न्हाई. राग आला, तिचाच. सांगायला काय झालं होतं? पण असलं ती कधी सांगत नव्हती. नांग्या भरल्या, हे काय सांगायचं, तिच्या हिशेबात ते काम नव्हतंच. भांडी पालथी घातली, हे कुणी सांगतं का?

बबन बांधावर उभा होता, आभाळाकडं बघत. मी त्याला म्हणालो, "विहिरीकडचंबी घ्या वेचायला. जल्दी करा."

त्यानं बायांना हाक मारली.

दिवस मावळायच्या आत सगळं वावर वेचून झालं. ओझी घरात आली, मधल्या खोलीत टाकली, अन् पाऊस आला. दोन दिवस लागून होता. मी दारात उभा राहून बघत होतो. मिटलेल्या बोंडाला पावसाचं काही होत न्हाई, हे मला माहीत होतं. तरी बसवलं न्हाई. छत्री घेऊन ओढ्यापर्यंत जाऊन आलो. शांतानं गरम चहा ठेवला पुढं.

मंग ऊन पडलं. चांगलं कडक पडलं. आठवडाभरानं मी वावरात गेलो अन् बांधावर उभा राह्यलो. मोठी झाडं वेचून रिकामी झालेली, त्यांची वरची बोंडं अजून बंद. आख्खं वावर हिरवं-तांबडं. अन् त्यात जागोजाग खाली, मातीजवळ, पांढरं. इथं एक ठिपका. तिथं दोन. बांधाला घोळका. जिथं जिथं ती बसली होती तेवढंच फुटलेलं. तिची चाल मला दिसली. कुठून शिरली, कुठं वळली, कुठं दम लागला असेल, कुठं दुसऱ्या दिवशी परत आली. सकाळी पारावर मी गप्पा मारत होतो तेव्हाचं सगळं मला कातिकाच्या उन्हात दिसायला लागलं.

घरी येऊन शांताला म्हणालो, "ओटी बांधून दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "मामा, गाव हसंल."

"हसू दे. दात असतील त्यांनी हसावं."

तिनं माझंच जुनं धोतर फाडलं अन् मानेत गाठ मारली. ठकूबाई ओट्यावर बसलेली. म्हणाली, "भाऊजी, कितवा महिना?" मी म्हणालो, "भरत आलाय."

वेचायला बसलो तर कळालं हे काम कसलं आहे. वाकलं की उठवत न्हाई. बोंडाचं टोक नखात जातं. ओढला की अर्धा कापूस आतच राहतो. माझ्या मागं शेंड्याच शेंड्या. मला आईचं बोलणं आठवलं अन् वाटलं, आता मागून कुणी येऊन दाखवावं, ही बघ तुझ्या बापाची. कुणी आलं न्हाई. मीच मागं वळलो अन् राहिलेलं वेचलं. मंग पुढच्या झाडाकडं. ते लांब होतं.

दुपारी अर्धीमुर्धी ओटी घेऊन घरी आलो. बबन मधल्या खोलीच्या दारात होता. त्यानं ओटीत हात घालून कापूस बघितला, बोटांनी धागा ताणून बघितला. चांगला होता. मंग हळू आवाजात म्हणाला, "दादा, हा येगळा ठेवायचा का मायचा?"

मी गंजीकडं बघितलं. शांतानं लावलेला, बाहेरच्या मजुरांनी लावलेला, सगळा तिथंच होता.

"न्हाई," मी म्हणालो. "टाक त्याच्यातच."

त्यानं गाठ सोडली. कापूस गंजीवर पडला, थोडा वर राह्यला, मंग खाली दबला. कोणता कुठला ते कळायचं बंद झालं. मी ओटी परत मानेला लावली अन् शांताला गाठ मारायला सांगितली. वावरात अजून बरीच झाडं राह्यली होती.